जँगोत मोठी फाइल भरताना व्हॅलिडेशन का अडतं आणि ते कसं हलकं करायचं

हजारो ओळींची सीएसव्ही जँगोत (पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये) भरताना वेळ ईमेल किंवा तारीख तपासण्यात जात नाही. ते काम मेमरीतच उरकतं. वेळ खातात त्या व्हॅलिडेशनच्या, म्हणजे माहिती नियमात बसते का या तपासणीच्या, पोटात लपलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न.

मॉडेलवर (डेटाबेसमधल्या तक्त्याचं वर्णन करणाऱ्या क्लासवर) फुल_क्लीन() ही तपासणीची मेथड चालवली की क्लीन_फील्ड्स, क्लीन, व्हॅलिडेट_युनिक आणि 4.1 आवृत्तीपासून व्हॅलिडेट_कन्स्ट्रेंट्स अशा चार पायऱ्या होतात. पहिली साधी वाटते, पण तिच्यात प्रत्येक फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीकडे बोट दाखवणारं फील्ड) समोरची नोंद आहे ना, हे विचारायला एक क्वेरी टाकते. प्रत्येक युनिक (ज्यात तेच मूल्य पुन्हा चालत नाही अशा) फील्डमागे आणखी एक. चेककन्स्ट्रेंट (मॉडेलवर लिहिलेली अट) सुद्धा तपासणीसाठी डेटाबेसलाच विचारतो. समजा, ऑर्डरच्या मॉडेलमध्ये ग्राहक, उत्पादन आणि गोदाम या तीन फॉरेन की आहेत आणि ऑर्डर क्रमांक युनिक आहे. एका ओळीला चार क्वेरी, पाचवी सेव्हची. 10,000 ओळींना डेटाबेसच्या 50,000 फेऱ्या.

हात घालण्याआधी मोजा. एकदा एक ओळ आणि एकदा दहा ओळी भरून असर्टनमक्वेरीजने (टेस्टमध्ये क्वेरी मोजणाऱ्या सोयीने) आकडा तपासा. तो ओळींच्या प्रमाणात वाढत असेल, तर दुखणं हेच.

आता उपाय. फाइलमधले सगळे ग्राहक क्रमांक एका सेटमध्ये जमवा आणि इन_बल्क या मेथडने त्या नोंदी एकदमच आणा. एसक्यूलाइटवर क्वेरीतल्या पॅरामीटरना मर्यादा असते. इन_बल्क यादीचे तुकडे स्वतः पाडतं, म्हणून हाताने लिहिलेल्या फिल्टरपेक्षा तेच बरं. उत्पादन, गोदाम आणि आधीच असलेले ऑर्डर क्रमांक यांचंही तसंच करा. एकच क्रमांक फाइलमध्येच दोनदा आला असेल, तर तो डेटाबेसमध्ये सापडणार नाही. त्यासाठी वेगळा सेट ठेवा. ही पायरी हमखास विसरली जाते.

मग प्रत्येक ओळीवर फुल_क्लीन चालवा, पण एक्सक्लूडमध्ये (वगळायच्या फील्डच्या यादीत) फॉरेन की द्या आणि व्हॅलिडेट_युनिक व व्हॅलिडेट_कन्स्ट्रेंट्स दोन्ही फॉल्स ठेवा. लांबी, चॉइसेस (ठरलेल्या पर्यायांची यादी), व्हॅलिडेटर यांची तपासणी तशीच राहते आणि क्वेरी शून्यावर येतात. ही पायरी गाळू नका: बल्क_क्रिएट (अनेक नोंदी एकदम घालणारी मेथड) व्हॅलिडेशन करत नाही (साधं सेव्हही करत नाही), आणि चॉइसेसचा नियम डेटाबेसला माहीतच नसतो. टेक्स्टफील्डचं मॅक्स_लेंग्थ तर फक्त फॉर्मच्या चौकटीपुरतं असतं, मॉडेल ते पाळत नाही. तिथे मॅक्सलेंग्थव्हॅलिडेटर स्वतः लावा.

शेवटी बल्क_क्रिएट, बॅच_साइझ (एका वेळी घालायच्या नोंदी) 500 पासून सुरू करून. सेव्ह() आणि पोस्ट_सेव्ह सिग्नल (सेव्हनंतर आपोआप चालणारा कोड) यात चालत नाहीत. तिथे काही महत्त्वाचं घडत असेल तर ते वेगळं लिहावं लागेल.

तपासणी आणि इन्सर्ट यांच्यामध्ये दुसरी प्रोसेस तोच क्रमांक घालू शकते. म्हणून युनिकची अट डेटाबेसमध्ये हवीच, आणि ती मोडल्यावर येणारा इंटिग्रिटीएरर पकडायला हवा. पोस्टग्रेसमध्ये हा एरर आला की चालू ट्रान्झॅक्शनमधली पुढची प्रत्येक क्वेरी नाकारली जाते. त्यामुळे प्रत्येक बॅच स्वतंत्र ॲटॉमिक ब्लॉकमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही अशा) ठेवा आणि एरर त्या ब्लॉकच्या बाहेर पकडा. अडलेली बॅच तेवढी ओळ-ओळ करून भरा, म्हणजे नेमकी कुठली ओळ नडली ते कळतं. बल्क_क्रिएटच्या इग्नोर_कॉन्फ्लिक्ट्स या पर्यायाने (तो नडलेल्या ओळी गाळून पुढे जातो) हा त्रास वाचतो खरा, पण कुठल्या ओळी गळल्या ते समजत नाही, शिवाय नव्या नोंदींची प्रायमरी कीही ऑब्जेक्टवर येत नाही.