रडारचित्रात जहाजं आणि तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म शोधताना या चुका टाळा

मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर मुंबई हाय तेलक्षेत्र आहे. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारचित्रात तिथला प्रत्येक प्लॅटफॉर्म काळ्या पाण्यावर पांढरा ठिपका दिसतो आणि शेजारून जाणारं जहाजही तसंच दिसतं. एकाच चित्रावरून दोन्ही वेगळे ओळखू पाहणं ही सगळ्यात मोठी चूक.

वर्षभराची चित्रं घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मध्यक, म्हणजे सगळी मूल्यं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं मूल्य, काढा. सरासरी नको. एकदाच येऊन गेलेलं मोठं जहाज सरासरीत डाग सोडून जातं, मध्यकात ते पुसलं जातं. एका उपग्रहाची त्याच मार्गावरची चित्रं १२ दिवसांनी मिळतात, म्हणजे वर्षाला तीसेक. तेवढी पुरतात. मध्यकात टिकलं ते बांधकाम, एखाद्याच चित्रात दिसलं ते जहाज. अपवाद जॅक-अप रिगचा, म्हणजे विहीर खोदणाऱ्या फिरत्या प्लॅटफॉर्मचा. ती काही महिने समुद्रतळावर पाय रोवून उभी राहते आणि पुढे जाते. वर्षातला निम्म्याहून कमी काळ तिथे असेल तर वार्षिक मध्यकात ती सापडत नाही, म्हणून तिमाही मध्यकही काढा.

मध्यक मात्र भुतं, म्हणजे खोट्या प्रतिमा, पुसत नाही. फार चकाकणाऱ्या वस्तूची फिकट प्रतिमा उपग्रहाच्या प्रवासाच्या दिशेत, सुमारे ५ किलोमीटर पुढे-मागे उमटते. प्लॅटफॉर्म जागचा हलत नाही, त्यामुळे त्याचं भूतही दर फेरीला तिथेच पडतं आणि बांधकाम म्हणून मोजलं जातं. उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या दोन्ही फेऱ्यांची चित्रं मिळत असतील, तर मध्यक वेगवेगळे काढा. उपग्रहाची दिशा बदलली की भुताची जागा बदलते, प्लॅटफॉर्मची जवळपास तीच राहते. ‘जवळपास’ यासाठी, की रडारचा किरण उभ्या रेषेशी ३५ अंशांच्या कोनात येत असेल तर ५० मीटर उंचीचा भाग उपग्रहाच्या बाजूला ७० मीटर सरकलेला दिसतो. जुळवताना १५० मीटरची सूट द्या.

स्नॅप या रडारचित्रांच्या सॉफ्टवेअरमधली सीएफएआर पद्धत प्रत्येक पिक्सेलची तुलना भोवतालच्या पाण्याशी करते आणि त्यावरून ठिपका ठरवण्याचा उंबरठा काढते. त्यात पिक्सेलभोवतीची वगळायची चौकट, म्हणजे गार्ड विंडो, मुळात ५०० मीटर आणि तुलनेच्या पाण्याची, म्हणजे पार्श्वभूमीची, विंडो ८०० मीटर असते. छोट्या बोटींसाठी म्हणून गार्ड २०० वर आणली, की ३३० मीटरच्या टँकरची चकाकी पार्श्वभूमीत मिसळते, उंबरठा चढतो आणि टँकरच निसटतो. दाटीतले प्लॅटफॉर्मही असेच एकमेकांना झाकतात. तिथे पहिल्या फेरीत सापडलेले ठिपके मास्क करून, म्हणजे हिशेबातून झाकून, शोध पुन्हा चालवा. शोधाआधी स्पेकल फिल्टर, म्हणजे रडारचित्रातला दाणेदारपणा गुळगुळीत करणारी गाळणी, लावू नका, दोन-तीन पिक्सेलची बोट त्यात विरून जाते.

पावसाळ्यात खवळलेला समुद्र व्हीव्ही चित्र (लहरी उभ्या पाठवून उभ्याच टिपलेलं) उजळवतो, तेव्हा व्हीएच (उभ्या पाठवून आडव्या टिपलेलं) वापरा. खंभातच्या आखातात ओहोटीला उघडे पडणारे वाळूचे पट्टे मास्कमध्ये घ्या.

एआयएसशी, म्हणजे जहाजं स्वतःची जागा रेडिओवरून कळवतात त्या नोंदींशी, जुळवताना वेळ आधी तपासा. चित्राच्या फाइलनावात जागतिक प्रमाणवेळ असते. एआयएसची नोंद भारतीय वेळेत असेल आणि साडेपाच तास वजा करायचे राहिले, तर १० नॉटचं (ताशी साडेअठरा किलोमीटर वेगाचं) जहाज १०० किलोमीटर चुकतं. वेळ बरोबर असली तरी उपग्रहाच्या मार्गाला आडवं जाणारं तेच जहाज चित्रात, त्या मार्गाच्या दिशेत, साडेतीनशे मीटरच्या आसपास सरकलेलं दिसतं. त्यामुळे शोधाचं वर्तुळ न घेता मार्गाच्या दिशेत लांबट पट्टा घ्या. पाण्यावर जहाजामागची रेघ उमटली असेल तर खरी जागा तिच्यावर आहे, ठिपक्यावर नाही.