समुद्रकाठच्या घरात बँडचं रेकॉर्डिंग: खोली, खारा वारा आणि टेक

समुद्राकाठी आठवडाभर एकत्र राहून अल्बम करायचा, तर निघण्यापूर्वी एक यादी करा: तिथे काय रेकॉर्ड करायचं आणि काय नंतर. सगळ्यांनी एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवलेला लाइव्ह टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग), एवढ्यासाठीच हा खटाटोप करावा असं आमचं ठाम मत आहे. कोरस, शेकर, गिटारचे जादा थर नंतर कुठेही चढवता येतात. गाण्यांची पट्टी, लय आणि रचनाही आधीच ठरलेली हवी. कडवं दोनदा घ्यायचं की तीनदा हा वाद माइक लावून झाल्यावर उकरायचा नसतो.

सात दिवसांत सहा ते आठ गाणी जमतात. पहिला दिवस पूर्ण मांडणीला द्या, पुढचे चार दिवस रोज दीड-दोन गाणी, सहावा दिवस मुख्य गायन आणि दुरुस्त्यांना. सातवा मोकळा ठेवा. वारा सुटणं, वीज जाणं, गायकाचा घसा बसणं, यांपैकी काहीतरी होतंच.

खोली आणि लाटा

समुद्राकडे तोंड असलेली देखणी खोली जेवणाला ठेवा, रेकॉर्डिंगला मागची घ्या. मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. टाळीमागे झणझणणारी शेपूट ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एकीवर गाद्या किंवा जाड रजया टांगा. चारही भिंती झाकू नका, आवाज मरतो.

लाटांचा आवाज दोन प्रकारे आत येतो. खालची घरघर भिंतीतूनही येते. ती गायन आणि गिटारच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा आवाज कापणारा) लावून बरीचशी जाते (किक म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम आणि बेस यांवर हा फिल्टर नको). वरची 'शऽऽ' मात्र गायकाच्या आवाजाच्याच पट्ट्यात पसरलेली असते, त्यामुळे फिल्टरने ती काढायला गेलात की आवाजही पातळ होतो. तिला दारातच अडवा: खिडकीच्या फटी टॉवेलने बुजवा, गायकाला माइकपासून १० ते १५ सेंटीमीटरवर उभं करा. अंतर निम्मं केलं की गायकाचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो आणि लाटा होत्या तेवढ्याच राहतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवा. पाणी दूर गेलेलं असताना हळुवार गाणी घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर ही वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सोमवारची शांत वेळ शुक्रवारी शांत नसते. प्रत्येक गाण्याआधी, त्याच गेनवर (माइकच्या आवाजाच्या पातळीवर), ३० सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. पुढे दोन टेक जोडताना मधली पोकळी भरायला हाच तुकडा कामी येतो.

दमट हवा

आर्द्रतामापक लागतोच. लाकडी वाद्यांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून जास्त झाली की गिटारची वरची फळी फुगते, तारा उचलल्या जातात आणि सूर हलतो. कातडी वाद्यांची पुडी सैल पडून स्वर उतरतो. एसी टेकच्या वेळी बंदच असतो, तेव्हा तो टेकच्या मधल्या वेळात चालवा आणि प्रत्येक टेकआधी सूर पुन्हा जुळवा.

कंडेन्सर माइकला (विद्युतभारावर चालणारा नाजूक माइक) दमटपणा सर्वांत कमी सोसतो. कॅप्सूलवरचा (आवाज पकडणाऱ्या पडद्याच्या भागावरचा) विद्युतभार ओलाव्यातून गळतो आणि तडतड किंवा फुसफुस ऐकू येते. थंड खोलीतून बाहेरच्या दमट हवेत थेट नेलेल्या माइकवर दव धरतं: बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २६ अंशांपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमतं. म्हणून पेटी बंदच ठेवून बाहेर न्या आणि तासाभराने उघडा. रात्री माइक सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. ओलावलेल्या कॅप्सूलवर हेअर ड्रायर मारू नका, पडदा खराब होऊ शकतो. दोन डायनॅमिक माइक (चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणारे दणकट माइक) जवळ असू द्या, ते हा त्रास देत नाहीत.

खरखर सुरू झाली की आधी केबल हलवून बघा. आवाज बदलला तर दोष केबलचा किंवा खाऱ्या हवेने काळवंडलेल्या जॅकचा. जॅक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. केबल बदलूनही खरखर त्याच माइकबरोबर फिरत राहिली, तर तो माइक डब्यात ठेवा.

एकत्र वाजवताना

ड्रम्स खोलीत, गिटारचा अँप शेजारच्या खोलीत किंवा कपड्यांच्या कपाटात, बेस डीआय बॉक्समधून (वाद्य माइकशिवाय रेकॉर्डरला जोडणाऱ्या डबीतून) थेट. कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचं ऐकणारा) मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, ती बाजू ड्रम्सकडे करा. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या किमान तिप्पट हवं, नाहीतर आवाज पोकळ होतो. ड्रम्सवरचे दोन ओव्हरहेड माइक स्नेअरपासून (खणखणीत आवाजाच्या मधल्या ड्रमपासून) दोरीने मोजून समान अंतरावर लावा. नजरेचा अंदाज इथे चुकतो, आणि स्नेअरचा आवाज एका माइकला दुसऱ्याआधी पोचून, दोन्ही एकत्र केल्यावर कमकुवत होतो.

एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोच. त्याची भीती नको, पण हिशेब ठेवा: चूक बेसमध्ये असेल तर तेवढाच तुकडा पुन्हा वाजवता येतो, चूक ड्रम्सच्या माइकमध्येही ऐकू येत असेल तर पूर्ण टेक परत. एका गाण्याचे तीन-चार टेक झाले की हेडफोन काढा, सगळ्यांनी मिळून ऐका. सातव्या-आठव्या टेकला चुका कमी होतात आणि जीवही कमी होतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा, आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. १६ ट्रॅकचा एक तास म्हणजे सुमारे ८.३ जीबी. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढा आणि त्या दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा. गाण्याचं श्रेय आणि वाटा कुणाचा किती, हे पहिल्याच संध्याकाळी कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा.

शेवटच्या दिवशी स्टँड मोडण्यापूर्वी प्रत्येक माइकच्या जागेचा मोजपट्टीसह फोटो घ्या. मग दुसऱ्या डिस्कवरून प्रत्येक गाणं उघडून, सगळे ट्रॅक वाजतात का ते बघा. त्यानंतरच केबल गुंडाळा.