इंग्रजीत जेवण मागवताना

वाशीच्या मॉलमध्ये किंवा घोडबंदर रोडवरच्या रेस्टॉरंटात वेटर इंग्रजीत बोलला की पटकन 'गिव्ह मी वन पनीर टिक्का' निघून जातं. मराठीत 'द्या' म्हटलं की आदर त्यातच आला. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही, म्हणून 'गिव्ह मी' हुकमासारखं लागतं. 'कुड आय हॅव द पनीर टिक्का, प्लीज?' म्हणा. 'आय वॉन्ट'ऐवजी 'आयड लाइक'. त्यातला 'ड' अगदी हलका असतो, पण गाळू नका: 'आय लाइक पनीर' म्हणजे पनीर आवडतं, मागवलं असं नव्हे.

ठरलं नसेल तर 'कुड वी हॅव अ फ्यू मोर मिनिट्स?'. तिखट कमी हवं असेल तर 'कुड यू मेक इट लेस स्पायसी, प्लीज?'; हे ऑर्डर देतानाच सांगा, ग्रेव्ही शिजून आल्यावर उपयोग नाही. पाण्यासाठी 'रेग्युलर वॉटर, प्लीज'. नुसतं 'वॉटर' म्हटलं तर बऱ्याचदा सीलबंद बाटली येते. भलताच पदार्थ आला तर आवाज न चढवता 'सॉरी, आय थिंक वी ऑर्डर्ड डाळ खिचडी'.

शेवटी 'कुड वी हॅव द बिल, प्लीज?'. 'चेक' अमेरिकेत म्हणतात, इथे बिलच.