मराठी वाक्यांसाठी छोटं संदर्भमुक्त व्याकरण लिहिताना

संदर्भमुक्त व्याकरण म्हणजे ‘वाक्य कशाकशाचं बनतं’ हे सांगणाऱ्या नियमांचा संच; त्यावरून संगणक वाक्य स्वीकारतो किंवा नाकारतो. सुरुवात भूतकाळातल्या सकर्मक वाक्यांपासून करा. आधी दोन याद्या हव्यात: बरोबर वाक्यांची आणि चुकीच्या वाक्यांची. दुसरी जास्त कामाची, कारण वाटेल ते स्वीकारणारं व्याकरण कोणीही लिहितं.

‘रामाने आंबा खाल्ला’, ‘रामाने पोळी खाल्ली’ हा शाळेतला कर्मणी प्रयोग. साध्या नियमांत तो बसवायचा तर ३ लिंगं आणि २ वचनं मिळून एकाच नियमाच्या ६ प्रती होतात. त्यापेक्षा चलं वापरा (खालचे ‘ल’ आणि ‘व’; एका नियमात दोन्हीकडे त्यांची किंमत तीच हवी):

वाक्य → कर्ता[ने] कर्म[प्रत्यय=शून्य, लिंग=ल, वचन=व] क्रिया[लिंग=ल, वचन=व]
वाक्य → कर्ता[ने] कर्म[प्रत्यय=ला] क्रिया[लिंग=नपुंसक, वचन=एक]

दुसरा नियम भावे प्रयोगाचा: ‘रामाने रावणाला मारलं’. पहिल्यातलं ‘शून्य’ गाळलंत तर ‘रामाने सीतेला मारली’सुद्धा बिनबोभाट पास होतं.

आता अपवाद, आणि ते शब्दकोशातच नोंदवा. ‘मी’, ‘तू’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ यांना ‘ने’ दिसत नाही, तरी ‘मी पोळी खाल्ली’ कर्मणीच. त्यांना [ने] हा गुण हाताने द्या. ‘तू’बरोबर क्रियापदाला ‘स’ही लागतो: ‘खाल्लीस’. उलट ‘शिकणे’, ‘विसरणे’ कर्तरीच राहतात: ‘ती धडा शिकली’.

प्रत्यय या नियमांत कोंबू नका. त्यांना सांत ऑटोमॅटन (ठरावीक अवस्थांतून पुढे सरकणारं, वेगळी स्मृती नसलेलं यंत्र) पुरतं: मूळ शब्द, मग सामान्यरूप, मग प्रत्यय. ‘आंब्याला’ स्वीकारायचं, ‘आंबाला’ नाकारायचं.

वाक्यरचनेला मात्र ते पुरत नाही. ‘मोहनने सीतेने राम आला असं सांगितलं असं कळवलं’ यात प्रत्येक कर्ता आपल्या क्रियापदासाठी ताटकळतो. ही खोली कितीही वाढू शकते, म्हणून स्टॅक (शेवटी ठेवलेलं आधी काढायची रास) लागतो. (बोलताना दोन-तीन पातळ्यांपुढे कोणी जात नाही, हा भाग वेगळा.)

‘रामाच्या भावाच्या मित्राची गाडी’साठी नामपदाचा नियम नामपदानेच सुरू होतो. या डाव्या पुनरावृत्तीत रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (नियम वरून खाली उलगडत वाक्य तपासणारा प्रोग्रॅम) कायमचा अडकतो. अर्ली किंवा चार्ट पार्सर (मधले निकाल तक्त्यात नोंदवणारा) घ्या. सीवायके (तक्ता वापरणारी आणखी एक पद्धत) हवा असेल तर नियम आधी चॉम्स्की नॉर्मल फॉर्ममध्ये (प्रत्येक नियमाच्या उजवीकडे दोन पदं किंवा एक शब्द) आणावे लागतील.

पायथनमध्ये शब्द तोडायला रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्राचा) ‘डब्ल्यू’ गट, म्हणजे \w, वापरू नका. त्यात काना, मात्रा, हलन्त येत नाहीत, त्यामुळे ‘आंबा’चे तुकडे पडतात आणि पार्सर शब्द सापडत नाही म्हणतो. मोकळ्या जागेवर तोडा. एनएलटीके या पायथनच्या भाषाविषयक लायब्ररीत नियमांची नावंही याच कारणाने रोमन लिपीत ठेवा. अवतरणातले शब्द देवनागरीत चालतात.