मुलाखतीत देहबोली कशी सांभाळावी

सोलापुरातल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांशी बोलताना मान खाली ठेवणे हाच आदर, असे मुलांना लहानपणापासून शिकवले जाते. मुलाखतीच्या खोलीत मात्र हीच सवय घाबरटपणाची खूण समजली जाते आणि अभ्यासू उमेदवाराचेही त्यामुळे नुकसान होते, म्हणून सरावाची सुरुवात नजरेपासून करावी. ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्याकडे पाहून उत्तर सुरू करावे, बोलताना मंडळातील इतरांकडेही दृष्टी न्यावी आणि उत्तर संपवताना पुन्हा प्रश्नकर्त्याकडे यावे. थेट डोळ्यांत पाहणे जड जात असल्यास भुवयांच्या मध्यभागी पाहावे. समोरच्याला सहसा फरक कळत नाही. आठवण्यासाठी क्षणभर नजर वळली तरी बिघडत नाही, टक लावून पाहणे उलट अधिक खटकते.

देहबोलीचा प्रभाव ५५ टक्के आणि शब्दांचा केवळ ७ टक्के, असे बऱ्याच मार्गदर्शन वर्गांत सांगितले जाते. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील प्रयोगांवरून आले असून ते भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते मर्यादित होते. त्यामुळे विषयाची तयारी सोडून केवळ बसण्या-उठण्याचा सराव करू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

खुर्चीच्या कडेवर न टेकता पाठीला आधार मिळेल असे बसावे आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवावेत, म्हणजे पाय हलवण्याची सवय आपोआप आवरते. प्रमाणपत्रांची फाईल छातीशी धरून बसल्यास हात अडकून पडतात, म्हणून ती बाजूला किंवा मांडीवर सपाट ठेवावी. हस्तांदोलनासाठी आपण होऊन हात पुढे करण्याची घाई करू नये. समोरून हात आला तर द्यावा, अन्यथा नमस्कार पुरेसा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुचाकीवरून पोहोचणाऱ्या उमेदवाराने अर्धा तास आधी जावे, पाणी प्यावे, चेहरा पुसावा आणि श्वास संथ होऊ द्यावा, कारण धापा टाकत आत गेलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटे स्वतःला सावरण्यातच घालवावी लागतात.

आदल्या आठवड्यात घरच्या कोणाला तरी समोर बसवून दोन-तीन उत्तरे मोबाईलवर चित्रित करावीत आणि ती प्रथम आवाज बंद करून पाहावीत. केसांना हात लावणे किंवा अंगठी फिरवणे अशा स्वतःला न जाणवणाऱ्या लकबी तेव्हा स्पष्ट दिसतात. मुलाखत संपल्यावर फाईल शांतपणे उचलावी, सर्वांकडे पाहून आभार मानावेत आणि मोबाईल इमारतीबाहेर पडल्यावरच हातात घ्यावा.