गिरणगावातून सायकलवर: भायखळा ते महालक्ष्मी, सोपा रूट

मुंबईत सायकल म्हटलं की सगळे मरीन ड्राईव्हला पळतात, पण खरं शहर बघायचं असेल तर गिरणगावात, म्हणजे जुन्या कापड गिरण्यांच्या भागात या. पूर्ण फेरी साधारण नऊ-दहा किलोमीटरची, रस्ता सपाट, चढ म्हणाल तर रेल्वेवरचे पूल तेवढे, त्यामुळे बिनगिअरची सायकल पण मस्त चालते. रविवारी पहाटे उजाडता उजाडता निघा, आठनंतर बस-टॅक्सी वाढतात मग मजा जाते. आणि रविवारची सुट्टी मिळाली तीच मुळात याच गिरणी कामगारांमुळे, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी सहा-सात वर्षं लढून १८९० मधे ती मिळवली, म्हणून या रूटला रविवारच शोभतो असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात भायखळा स्टेशन पूर्वेकडून. आंबेडकर रोडला लागा, राणीबागेचं गेट उजव्या हाताला येतं, आतलं भाऊ दाजी लाड म्युझियम १८७२ चं आहे पण ते इतक्या सकाळी उघडं नसतं, त्यामुळे थांबू नका, पुढे लालबाग. फ्लायओव्हर लागला की वर अजिबात जायचं नाही, खालूनच डावी बाजू धरून चला. भारतमाता थिएटरपाशी उतरा. मागे इंडिया युनायटेड मिल नंबर १ चा परिसर आहे. आजूबाजूची घरं, नाके, गल्ल्या सगळं चालत कामावर जाता येईल अशा अंतरात आहे कारण गिरणीचा भोंगा वाजला की पाळीला (शिफ्टला) पोचायचं असायचं, आणि हे अंतर गाडीतून कधीच कळत नाही, सायकलवर लगेच कळतं.

इथून डावीकडे करी रोडचा पूल. वन-वेची पाटी बघा, उलटं जावं लागत असेल तर सरळ उतरून फुटपाथवरून सायकल ढकलत न्या, दोन मिनिटांचं काम आहे. पलीकडे ना. म. जोशी मार्ग, जुने लोक अजून डिलाईल रोडच म्हणतात. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी इथेच, १९२० च्या दशकात बांधलेल्या, आता पुनर्विकास चालू आहे. लोक राहतात तिथे, दारात उभं राहून फोटो काढत बसू नका प्लीज.

मग लोअर परळचा पूल ओलांडून सेनापती बापट मार्गावर फिनिक्स. १९०५ ची मिल, आता मॉल, पण चिमणी ठेवलीये, आणि ती नीट बघायला थोडा वेळ काढाच. खाली जाड, वर निमुळती होत जाते, विटांचे थर मोजत नजर वर न्या. उंची शोभेसाठी नव्हती, चिमणी जितकी उंच तितकी बॉयलरच्या भट्टीला हवा जोरात ओढली जाते आणि धूरही लांब जातो. जुन्या मिलची शेड कुठे उरलेली दिसली तर छप्पर बघा, करवतीच्या दात्यांसारखं असतं, दात्याच्या उभ्या बाजूला काच, ती उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, दिवसभर उजेड मिळतो पण थेट ऊन पडत नाही. ऊन आणि कोरडी हवा आली की सूत तुटतं, मुंबईची दमट हवा कापड गिरण्यांना मानवली ती यासाठीच.

टॉवर एवढे कसे आले हा प्रश्न इथे पडतोच. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, साधारण अडीच लाख कामगार त्यात होते, बऱ्याच गिरण्या नंतर नीट उभ्या राहिल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियमात मिलच्या जमिनीचे तीन वाटे होते, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला (सरकारी गृहनिर्माण संस्थेला) घरांसाठी, एक मालकाला. २००१ मधे नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची असं ठरलं आणि शहराच्या, कामगारांच्या वाट्याला फारच थोडं आलं. हे मला अजूनही टोचतं, आणि हे माहीत असलं की त्या काचेच्या इमारती वेगळ्याच दिसतात.

परत पूल ओलांडून जोशी मार्गाने दक्षिणेला, आर्थर रोड नाक्याला उजवीकडे, सात रस्ता, तिथून महालक्ष्मी स्टेशनचा पूल, खाली धोबीघाट. सात रस्त्याचं सर्कल मोठं आहे, नवखे असाल तर उतरून झेब्रा क्रॉसिंगवरूनच जा. धोबीघाट पुलावरूनच छान दिसतो. मग सात रस्त्यावरून परत भायखळा.

हेल्मेट, पुढे-मागे लाईट, पाण्याची बाटली, पंक्चर किट एवढं घ्या, ब्रेक आदल्या रात्री चेक करा. जोराच्या पावसात हा रूट नको, परळ-हिंदमाता भागात पाणी तुंबतं आणि खड्डा दिसत नाही. गणपतीच्या दिवसांत तर लालबागला सायकल घेऊन जाऊच नका, तेव्हा चालायलाही जागा नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी बेस्ट.