मॉडेल रेल्वेत वाघिणीचा कबूस करताना टपाला भोक पाडू नका

अमेरिकेत १९८० च्या दशकापर्यंत मालगाडीच्या शेपटाला कबूस असायचा. आपल्या गार्डाच्या डब्याचा हा भाऊच, फक्त बऱ्याच कबूसच्या टपावर खिडक्यांची माडी असते, तिला कपोला म्हणतात. तिथं बसलेला माणूस पुढच्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, नजर ठेवायचा, कुठल्या आसाचं बेअरिंग तापून धूर निघतोय का ते बघायला. दुसऱ्या महायुद्धात डबे कमी पडले तेव्हा काही कंपन्यांनी जुन्या बंद वाघिणींनाच खिडक्या आणि माडी बसवून कबूस केले. बाजूचं सरकतं दार तसंच ठेवलेलं मॉडेल बघून कुणी नाक मुरडलं, तर त्याला हे सांगा.

एचओ या मॉडेल रेल्वेच्या मापाची (१:८७) साधी ४० फुटी बंद वाघीण घ्या, म्हणजे साधारण १४० मिलिमीटर. टप शक्यतो गुळगुळीत, पट्ट्या नसलेलं असावं. उठावदार पट्ट्यांचं असेल तर माडीच्या जागेपुरत्या पट्ट्या आधी खरवडून काढा. टपावरची चालपट्टीही तेवढ्याच जागेपुरती कापा. डब्याच्या बाजूंना खिडक्यांसाठी चार कोपऱ्यांत भोकं पाडा, मधलं सुरीनं कापा, कानस मारा. झालं.

आता माडी. जो तो सांगतो, टपाला चौकोनी भोक पाडा आणि माडी आत उतरवा. मी तेच केलं होतं. दोन कोपरे तडकले, टप मधोमध खचलं आणि ती वाघीण अजून भंगाराच्या डब्यात आहे. भोक हवंय कशाला? माडीखालचं टप काळं रंगवा, खिडकीतून काही दिसत नाही. आत दिवा लावणार असाल तरच तो उद्योग करा.

खरी गोम आहे ती उतरत्या टपावर माडी फट न ठेवता बसवण्यात. १ मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन (एक प्रकारचं प्लास्टिक) पत्र्याच्या चार भिंती करा, लांबी २८ मिलिमीटरच्या आसपास, उंची हवी त्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त. खिडक्या पत्रा सपाट असतानाच कापा. जुनी एटीएम कार्डं वापरायचा सल्ला ऐकू नका. ती बहुधा पीव्हीसीची असतात, स्टायरीनचा गोंद त्यांना नीट धरत नाही. आडव्या, म्हणजे डब्याच्या रुंदीच्या दिशेच्या, भिंतींना खाली उलट्या व्हीसारखी खाच अंदाजानं, थोडी उथळच कापा आणि चारी भिंती गुण्यात (काटकोनात) चिकटवा. रात्रभर सुकू द्या. मी एकदा तासाभरात घाई केली आणि खोका हातातच तिरका झाला.

मग २२० नंबरचा पॉलिशपेपर, खरखरीत बाजू वर करून, वाघिणीच्या टपावरच ताणून चिकटपट्टीनं बसवा. त्यावर माडी ठेवून डब्याच्या लांबीच्या दिशेनं पुढे-मागे घासा. आडवं घासलंत तर खाच वाकडी होते आणि मग ती काही केल्या सुधारत नाही. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावल्या की माडी सरकत नाही. मला हे सुचायला तीन कबूस जावे लागले. दर दहा-बारा घासण्यांनी उचलून बघा. टपाचा कणा आणि खाचेचा कोपरा जुळले की थांबा.

पातळ स्टायरीन गोंद बारीक ब्रशनं सांध्याला टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. सुपरग्लू नको, त्याच्या वाफेनं काचा धुरकट होतात. टपाला भोक नसल्यानं काचा वरूनच घालायच्या, म्हणून माडीचं छप्पर रंगानंतर सगळ्यात शेवटी. काचांना पांढरा फेविकॉल पुरतो.

चुलीचं धुराडं म्हणून २ मिलिमीटरची नळी, शेवटच्या टोकाला दोन लाल दिवे. रंग तांबूस किंवा लाल. आत वॉशर चिकटवून वजन साधारण १०६ ग्रॅमपर्यंत आणा, पण ते चाकांच्या जवळ आणि खाली. हलका कबूस उलटा ढकलताना वळणावर रूळ सोडतो, तेव्हा रंगवण्याआधीच एकदा ढकलून बघा.